दोष कोणाचा?

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, बोलणारा ते एका अर्थाने उच्चारतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते दुसऱ्याच अर्थाने रुजतात. ‘दोष’ हा त्यांपैकीच एक होय. घड्याळात दोष आहे असे आपण म्हणतो, तेव्हा एखादे चाक झिजले असावे एवढेच आपल्या मनात असते; घड्याळाने काही अपराध केला आहे असे कोणी समजत नाही. पण ‘ह्यात दोष तुमचा’ असे म्हणताच तोच शब्द फिर्यादीचे रूप धारण करतो. वैद्यांच्या परिभाषेत त्याचा तिसराच अर्थ आहे. वात, पित्त आणि कफ हे तिन्ही दोषच. परंतु त्यांच्यावाचून देह चालत नाही, आणि त्यांचे साम्य हेच आरोग्य मानले आहे. ज्योतिष्याकडे जावे, तर तेथे मंगळाचा दोष, नाडीचा दोष आणि पितृदोष आपली वाट पाहत बसलेलेच असतात. उणीव, अपराध, देहाचा आधार आणि ग्रहांची वक्रदृष्टी इतके सगळे अर्थ एका दोन अक्षरी शब्दात नांदतात. भाषेच्या अभ्यासकास ह्याचे कौतुक वाटावे. परंतु संसारात ह्या अर्थसंकराची किंमत अनेक कुटुंबांनी, विशेषतः त्यांतील स्त्रियांनी, फार मोठी मोजलेली आहे.

मनुष्यास काही रोग आईबापांकडून वारशाने मिळतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी ह्या रोगांचे मूळ शोधून काढले, त्यांतील काहींवर उपायही शोधले, आणि ते शोधताना पुष्कळदा रानावनातील वनस्पतींचा आश्रय घेतला. ह्या सर्व उद्योगातून शास्त्राच्या कक्षेबाहेरचा एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो: जो दोष रक्तातून आला, त्याचा दोष कोणाला द्यावा? प्रयोगशाळेत उणिवेचा विचार होतो. घरात मात्र अपराध्याचा शोध सुरू होतो. ह्या दोन गोष्टींची फारकत करणे शक्य आहे काय, आणि ती केल्यावर जबाबदारी म्हणून काही शिल्लक राहते काय, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मनुष्याचा विषय निघाला की मन लवकर क्षुब्ध होते. म्हणून प्रथम एका वेलीचा विचार करू. कोल्हापुराहून पश्चिमेस गेले म्हणजे गगनबावडा लागतो. येथे देशावरची जमीन संपते आणि करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. पाऊस येथे दोनशे इंचांच्या घरात पडतो. त्या पावसात घाटमाथ्यावरच्या झुडपांवर आणि कुंपणांवर कळलावीची वेल चढते. तिच्या पानांची टोकेच लांबून आधाराला विळखा घालतात. फुलाच्या पाकळ्या मुळाशी पिवळ्या, टोकाशी तांबड्या, कडेला नागमोडी आणि वरच्या बाजूस वळलेल्या. म्हणून संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. जमिनीतला कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून ती लांगली. परंतु तिचे तिसरे नाव गर्भपातनी असे आहे, आणि मराठीत तर प्रसूतीच्या कळा लावणारी ती कळलावी. मराठीत ‘कळ लावणे’ ह्याचा भांडण लावणे असाही अर्थ होत असल्यामुळे, ही वेल दारात लावली असता घरात कलह माजतो, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. वेल तीच, रूपावरून तिला गौरव मिळाला आणि कर्मावरून बदनामी.

बदनामीस कारण नाही असे नाही. कळलावीचा कंद रताळे समजून खाल्ल्यामुळे माणसे दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. आमच्या रसशास्त्रकारांनी तिची गणना उपविषांत केली आहे. पण उपविष ठरवून त्यांनी तिला टाकून दिले नाही. शोधन करून ती औषधात वापरावी असे सांगितले. विष युक्तीने दिल्यास उत्तम औषध होते आणि औषध अयुक्तीने दिल्यास तेच विष होते, हा चरकाचा उपदेश प्रसिद्ध आहे. तक्षशिलेच्या आचार्यांनी जीवकास औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितली आणि तो योजनभर हिंडून रिकाम्या हातांनी परत आला, ही बौद्ध परंपरेतील कथाही ह्याच अर्थाची आहे. तात्पर्य असे की, वेलीचा दोष हा केवळ वेलीत राहत नाही. तो मात्रेत असतो, वापरणाऱ्याच्या हातात असतो, आणि घेणाऱ्याच्या देहातही असतो.

कळलावीतील ह्या विषाचे नाव कोल्चिसिन. पेल्तिए आणि काव्हाँतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली ते युरोपातील कोल्चिकम नावाच्या कंदातून वेगळे केले. तेच द्रव्य पुढे आमच्या कळलावीतही सापडले. आज तामिळनाडूत कळलावीची शेती होते व तिच्या बियांतून हे द्रव्य काढण्यात येते. सांधे सुजून असह्य ठणका लावणाऱ्या वातरक्तासारख्या विकारावर त्याचा उपयोग फार जुना आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट १९७२ सालची आहे. भूमध्यसमुद्राच्या परिसरातील आर्मेनियन, तुर्क, अरब व यहुदी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला एक ज्वर आहे. त्यात रोग्यास वारंवार ताप येतो, पोटात व छातीत वेदना होतात, आणि कालांतराने मूत्रपिंडे निकामी होऊन तो दगावतो. गोल्डफिंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ह्या रोग्यांस कोल्चिसिन उपयोगी पडते असे १९७२ साली नमूद केले, आणि पुढील अनुभवाने ते खरे ठरले. नियमाने गोळी घेणाऱ्यांचे ज्वर थांबले व बहुतेकांची मूत्रपिंडेही वाचली. ह्या रोगाचे जनुक सापडले ते त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९७ साली.

येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कोल्चिसिनने त्या कुटुंबांतील आनुवंशिक दोष नाहीसा झाला काय? मुळीच नाही. रोग्याच्या पेशीपेशीत तो जसाच्या तसा आहे, आणि तो आपल्या मुलांस तो देणारही आहे. दोष राहिला आणि दुःख गेले. म्हणजे दोष आणि दुःख ह्या दोन वस्तू आपण समजतो तितक्या एकजीव नाहीत. त्यांच्यामध्ये मनुष्याचे ज्ञान व प्रयत्न शिरू शकतात. वनौषधींच्या नावाने जे लोक ‘मुळापासून बरे करू’ म्हणून जाहिराती देतात, त्यांना हा भेद कळत नाही, किंवा कळूनही ते तो सांगत नाहीत. कोणत्याही पाल्याचा काढा पिऊन रक्तातील वारसा बदलत नाही. परंतु वारसा न बदलताही मनुष्य सुखाने जगू शकतो, ही गोष्ट अधिक आशेची असून ती खरीही आहे.

आता दूरच्या समुद्राकाठाहून आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत सिकलसेल नावाचा रक्तरोग मोठ्या प्रमाणात आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्याच्या हाडांत व सांध्यांत अशा वेदना उठतात की, लहान मूल रात्रभर तळमळत राहते. भारतात ह्या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत झाली. त्याच्या अगोदर, १९४९ साली, लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या रोगाचे मूळ रक्तद्रव्याच्या एका रेणूत आहे असे दाखविले होते; आणि पुढे इन्ग्रम ह्यांनी तो दोष म्हणजे शेकडो दुव्यांच्या साखळीतील एका दुव्याची अदलाबदल आहे, हे सिद्ध केले. एवढ्याशा अदलाबदलीने एवढे दुःख!

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. हा दोष ज्यास आई व बाप दोघांकडूनही मिळतो तो रोगी होतो. ज्यास एकाकडूनच मिळतो तो वाहक असतो, पण निरोगी असतो. इतकेच नव्हे तर १९५४ साली अॅलिसन ह्यांनी असे दाखविले की, अशा वाहकास हिवतापापासून संरक्षण मिळते. ज्या रानांत हिवतापाने मुलांचा संहार होत असे, तेथे ह्याच दोषाने असंख्य मुलांचे प्राण वाचविले, आणि म्हणूनच तो तेथे टिकून राहिला. कळलावीच्या कंदाप्रमाणे येथेही मात्रेचाच न्याय आहे. एक मात्रा कवच होते, दोन मात्रा रोग होतात. मराठीत क्रोमोसोमास ‘गुणसूत्र’ हे नाव ज्याने दिले त्याने मोठे शहाणपण केले. त्या सूत्रावर गुण आणि दोष निरनिराळे ओवलेले नसतात. ज्या मण्यास आपण आज दोष म्हणतो, तो काल कोणाचा तरी तारणहार असतो.

असे असता घराघरांतून काय चालते? मूल रोगी निपजले की पहिला प्रश्न ‘काय झाले?’ असा नसून ‘कोणाकडून आले?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा प्रश्नाआधीच ठरलेले असते. सुनेच्या माहेरी असे काही असेल, तिने गरोदरपणी काही केले असेल, तिचा पायगुण असेल. सिकलसेलसारख्या रोगात आई व बाप दोघांचाही वाटा अगदी समसमान असतो. गणित सोपे आहे: दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक शक्यता रोगी मुलाची, दोन शक्यता निरोगी वाहकाची, आणि एक सर्वस्वी मोकळ्या मुलाची. ह्यात कोणाच्याही पायगुणास जागा नाही. मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावण्याची चालही अशीच. अपत्य मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे १९०५ पासून शास्त्रास ठाऊक आहे. पण आमच्या कित्येक माजघरांपर्यंत ही बातमी अद्याप पोहोचलेली नाही.

सोयरीक जुळविण्याचा आमचा प्रकार पाहावा. पत्रिका जुळवून एकनाडीचा दोष टाळण्याची आम्ही केवढी काळजी घेतो! सगोत्र विवाह तर वर्ज्यच. पण कोल्हापूर-सांगलीकडील कित्येक घरांत मामाच्या मुलीशी लग्न हे हौसेने व हक्काने होते. आते-मामेभावंडांचे आजोबा-आजी एकच असल्यामुळे त्यांच्या जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. आणि जो दोष दोन्हीकडून आल्यावाचून प्रकट होत नाही, तो अशा विवाहात प्रकट होण्याचा संभव वाढतो. म्हणून प्रत्येक मामेबहिणीशी झालेले लग्न वाईट ठरते असे नव्हे. अशा बहुतेक दांपत्यांची मुले निरोगीच असतात. परंतु जो दोष कोणी पाहिलेला नाही त्याची एवढी चौकशी आणि जो तपासता येतो त्याविषयी एवढे मौन, ही गोष्ट विचारी मनुष्यास विचित्र वाटल्यावाचून राहत नाही. ऋषीचे कूळ व नदीचे मूळ शोधू नये, अशी आमच्याकडे म्हण आहे. रक्ताचे मूळ शोधावे. मात्र ते कोणास खाली पाहावयास लावण्यासाठी शोधू नये.

ही दुसरी अट महत्त्वाची आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षे वयापर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून प्रत्येकास त्याच्या स्थितीचा कागद द्यावयाचा, अशी ती योजना आहे. हेतू उत्तम आहे. परंतु समाजाच्या मनातील दोषाचे दोन अर्थ वेगळे झाले नाहीत, तर हाच कागद उद्या नवी पत्रिका होऊन बसेल. वाहक मुलगी स्वतः निरोगी असते. वाहक नसलेल्या मुलाशी तिचे लग्न झाल्यास तिच्या मुलांस हा रोग होत नाही. एवढी साधी गोष्ट न समजता ‘तिच्यात दोष आहे’ असे चार घरी बोलले गेले, की मंगळाच्या मुलीची जागा वाहक मुलगी घेईल. शास्त्राने दिलेला दिवा घर पाहण्यासाठी असतो. त्याने घर पेटविण्याचाही संभव असतो.

हा संभव काल्पनिक नाही. आपण पुन्हा कळलावीच्या विषाकडेच येऊ म्हणजे ते ध्यानात येईल. कोल्चिसिनचा एक विशेष धर्म आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे जे सूक्ष्म धागे असतात, ते हे द्रव्य बनू देत नाही; त्यामुळे गुणसूत्रे भरात आलेल्या अवस्थेत जागच्या जागी थबकतात आणि मोजता येतात. मनुष्याची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस आहेत असे कित्येक वर्षे शिकविले जात होते. १९५५ सालच्या अखेरीस, स्वीडनमधील लुंड येथे जावा बेटात जन्मलेल्या त्यो ह्या शास्त्रज्ञाने कोल्चिसिनच्या साह्याने ती मोजली, तेव्हा ती शेहेचाळीस भरली. आणि १९५६ साली त्यो व लेव्हान ह्यांनी ते प्रसिद्ध केले. १९५९ साली पॅरिस येथील लज्यून, गोतिए व त्युर्पॅं ह्यांनी दाखविले की, डाउन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलांत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. ज्या माता स्वतःस किंवा ज्यांना इतर लोक आजवर अपराधी समजत आले, त्यांच्यावरील आरोप एका मोजणीने रद्द झाला. असला निकाल कोणत्याही न्यायालयाने दिला नसेल.

पण ह्याच मोजणीची विद्या पुढे गर्भजलाच्या तपासणीस लागली. गर्भातील गुणसूत्रे पाहता येऊ लागली, तशी गर्भ मुलाचा की मुलीचा हेही दिसू लागले. आणि रोग हुडकण्यासाठी आलेल्या परीक्षेचा उपयोग मुली हुडकण्याकडे होऊ लागला. पुढे ध्वनिलहरींच्या यंत्रांनी तर हे काम स्वस्त व सोपे केले. महाराष्ट्राने १९८८ साली ह्याविरुद्ध कायदा केला; असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही २००१ च्या शिरगणतीत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली भरल्या अवघ्या ८३९. ऊस, दूध, सहकार आणि शिक्षण ह्यांनी संपन्न असलेल्या जिल्ह्याची ही गणना आहे. गर्भपातनी हे नाव ज्यांनी वेलीस दिले, त्यांना ह्या अर्थाची कल्पना असणे शक्य नव्हते.

येथे मात्र ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न पूर्ण अर्थाने विचारता येतो, आणि विचारलाच पाहिजे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात कर्माची नीतिमत्ता ठरविताना कर्त्याच्या बुद्धीस प्राधान्य दिले आहे. ही कसोटी लावली म्हणजे पुष्कळ गोंधळ मिटतो. रक्तातून दोष देताना आईबापांची बुद्धी त्यात कोठेच नसते. देण्याचा संकल्प नाही, टाळण्याचे ज्ञान नाही, तर अपराध कसला? परंतु तपासणीच्या खोलीत शिरणाऱ्यास, पैसे देणाऱ्यास, घेणाऱ्यास व खूण करून सांगणाऱ्यास आपण काय करीत आहोत हे पक्के ठाऊक असते. उणिवेस संकल्प नसतो. अपराधास तो असावाच लागतो. जेथे संकल्प नाही तेथे आम्ही बोट दाखवितो आणि जेथे तो आहे तेथे बोट तोंडात घालून बसतो, ही आमच्या नीतीची खरी उलटापालट आहे.

संकल्प पुष्कळांत वाटला गेला म्हणजे दोष कोठे ठेवावा हे ठरविणे कठीण होते, हेही खरे. गगनबावडा, राधानगरी ह्या पश्चिमेकडील रानांत नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्या घाण वासावरून हे नाव पडले. त्यालाच अमृता असेही म्हणतात, आणि ही दोन नावे शेजारी ठेवली म्हणजे आपल्या विषयाची जणू एक टीपच तयार होते. मूळ महाराष्ट्रातील नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल ह्यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य शोधून काढले. १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन ह्यांना तेच आमच्या नरक्यात सापडले. कर्करोग हाही जनुकांतील बिघाडाचाच रोग होय. मात्र तो बिघाड बहुधा जन्मानंतर एखाद्या पेशीत होतो. पेशी वाढताना जनुकद्रव्याचा पीळ सोडविणारे जे विकर असते, त्यास हे द्रव्य अडकवून ठेवते व बेफाम वाढणारी पेशी मरते. १९९६ साली त्यापासून बनविलेल्या दोन औषधांस अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यांपैकी इरिनोटेकॅन हे औषध काही जणांस त्यांच्या यकृतातील एका वारशाने आलेल्या फरकामुळे नेहमीच्या मात्रेतही घातक होते. चरकाची मात्रा अशी शेवटी जनुकांपर्यंत जाऊन पोहोचली.

औषधास मागणी आली तशी नरक्याची बेकायदा तोड सुरू झाली. रान तुडवून झाड तोडणारा मजूर, त्याच्याकडून ढलप्या विकत घेणारा दलाल, त्या दूर पाठविणारा व्यापारी, सत्त्व काढणारा कारखानदार, आणि अखेरीस ते औषध घेऊन आयुष्याची दोन वर्षे अधिक मिळविणारा रोगी, अशी ही साखळी आहे. ह्यात पकडला जातो तो पहिला, कारण तोच रानात सापडतो. त्यास दोष नाही असे मी म्हणत नाही. परंतु ज्याचा वाटा सर्वांत लहान त्याच्या वाट्यास सर्व दोष यावा, हा न्याय सुनेस दोष देणाऱ्या सासरच्या न्यायाहून फारसा निराळा नाही. दोष देताना आपण बहुधा कारण शोधीत नाही, दुबळा शोधतो. हीच गोष्ट औषधांच्या किमतींतही दिसते. शेकडो वर्षांपासून वापरात असलेल्या कोल्चिसिनला अमेरिकेत २००९ साली नव्याने रीतसर मान्यता मिळाली आणि काही सेंटांस मिळणारी गोळी सुमारे पाच डॉलरांवर गेली. सिकलसेलवर जनुकांतच दुरुस्ती करणारा उपचार २०२३ साली ब्रिटन व अमेरिका येथे मान्य झाला. त्याची अमेरिकेतील किंमत बावीस लक्ष डॉलर. आता दोष काढण्याची विद्याही आली. ती धडगावच्या मुलापर्यंत पोहोचली नाही, तर तो दोष त्याच्या रक्ताचा म्हणावयाचा काय?

ह्या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला कर्मसिद्धांताचा. पूर्वजन्मीचे फळ म्हणून मनुष्य दुःख सोसतो, आणि त्या श्रद्धेनेच त्यास धीर येतो. तो आधार का काढून घ्यावा? हा आक्षेप हलका नाही. रोगी मुलाच्या उशाशी बसलेली आई ‘माझेच प्राक्तन’ म्हणून डोळे पुसते व पुन्हा कामास लागते, तेव्हा तिच्याशी वाद घालणारा मनुष्य पंडित असेल, शहाणा नव्हे. परंतु तेच वाक्य दुसऱ्याने तिला ऐकविले की त्याचा अर्थ पालटतो. कर्माचा सिद्धांत स्वतःस लावला असता त्यातून धैर्य येते. दुसऱ्यास लावला असता क्रौर्य येते. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. तिचे आरोपपत्र करू नये.

दुसरा आक्षेप असा की, वारशात कोणाचाच अपराध नसेल तर जबाबदारीही नाही, मग तपासणी तरी कशास? ह्यात अपराध व जबाबदारी एकच मानण्याची चूक आहे. वडिलांनी केलेले कर्ज मुलाचा अपराध नसते, तरी ते फेडणे त्याच्याकडे येते. अपराध मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. ज्यास ठाऊक नव्हते तो निर्दोष. ज्यास ठाऊक झाले त्याच्यावर ठाऊक झाल्याचे ओझे आले. दोघेही वाहक आहेत असे जाणणाऱ्या दांपत्याने काय करावे, हा मात्र खरोखर कठीण प्रश्न आहे. मूल न होऊ देणे, गर्भाची तपासणी करून पुढचा निर्णय घेणे, किंवा येईल ते मूल पदरात घेणे, असे मार्ग त्यांच्यापुढे असतात. ह्यांपैकी एकच मार्ग नीतीचा, असे दूर बसून सांगण्याचा अधिकार मला नाही. एवढे निश्चित म्हणता येईल की, असाध्य दुःख टाळण्यासाठी काळजावर दगड ठेवून घेतलेला निर्णय आणि मुलगी नको म्हणून घेतलेला निर्णय ह्यांस एका तराजूत घालता येत नाही. मुलगी असणे हा रोग नव्हे. आणि असेही म्हणता येईल की, जो समाज रोगी मुलाच्या औषधाचा, शाळेचा व प्रवासाचा भार उचलण्यास पुढे येत नाही, त्याने त्या आईबापांच्या निर्णयावर निवाडा देऊ नये.

मग करावयाचे काय? फार मोठ्या गोष्टी सांगण्याची आवश्यकता नाही. सुशिक्षित घरांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल. सोयरिकीच्या बैठकीत पत्रिकेबरोबर, अगर तिच्याऐवजी, रक्ताची तपासणी विचारावी. आणि ती मुलीचीच नव्हे, मुलाचीही. निकाल काहीही आला तरी तो चार भिंतींत ठेवावा. घरातील रोग लपवू नये, कारण लपविलेल्या रोगास लोक कलंक समजू लागतात, आणि मग तो बरा करणे वैद्याच्याही हाती राहत नाही. आजारी मुलाकडे पाहताना त्याचे नाक कोणावर गेले हे आपण कौतुकाने सांगतो. त्याचा आजार कोणावर गेला हे सांगण्याचा मोह आवरावा. सुंदर नाक देण्यात आजीचे पुण्य नव्हते, तसे आजार देण्यात तिचे पाप नव्हते.

गगनबावड्याच्या पावसात उगवणाऱ्या वेलीस आपल्या अंगी विष आहे हे माहीत नाही, आणि त्याच विषाने कोठे तरी एखाद्या मुलाचा ज्वर उतरला हेही माहीत नाही. तिला निर्दोष म्हणण्यात अर्थ नाही आणि दोषी म्हणण्यातही नाही. रक्तातील वारशाचीही तीच अवस्था आहे. दोष ह्या शब्दाचा दुसरा अर्थ वेलीपासून किंवा रक्तापासून सुरू होत नाही. तो मनुष्याच्या जाणण्यापासून सुरू होतो. जसजसे आपण अधिक जाणू, तसतशी आपली निर्दोषता कमी होत जाणार, आणि शिकलेल्या मनुष्याने हे ओझे तक्रार न करता उचलले पाहिजे. निदान घरातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर ते ठेवून मोकळे होण्याची आमची जुनी सवय तरी आता सुटावी.